समजुतीनं मान्य

सूर्याच्या तऱ्हेनं वीज करायचं यंत्र म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काहीतरी झगझगीत येतं. आमच्या हॉलमध्ये आलात तर आधी सर्दी होईल. पत्र्याचं उंच छप्पर, त्यात काचेच्या चार खिडक्या, खाली सिमेंटची जमीन आणि तिच्यावर लोखंडी घोड्यांवर चढवलेल्या स्टीलच्या नऊ फोडी. संत्र्याची फोड असते ना, तशीच, फक्त एकेक चार मजली. नऊ देशांनी एकेक पाठवलेली. त्या एकमेकींना जोडल्या की एक पोकळ कडं होणार. त्यातली हवा पार उपसून काढायची आणि मग आतला वायू इतका तापवायचा की अणूला अणू चिकटून उष्णता बाहेर पडेल. एका देशाला हे झेपत नाही म्हणून नऊ जण एकत्र आलेले. नऊ सुनांनी एकाच पातेल्यात स्वयंपाक करायचा, असं मी रुजू झाल्या दिवशीच म्हटलं होतं. त्यावर बगळा इतका हसला की मला वाटलं, याच्याही घरी सुना असणार.

बगळा म्हणजे माझा जोडीदार. दुसऱ्या देशाचा. उंच, काटकुळा, विचारात पडला की एका पायावर उभा राहणारा. आमचं दोघांचं काम एकच, गळती शोधणं. फोडीच्या आतली हवा पंपानं ओढून घ्यायची. बाहेरून बारीक नळीनं हेलियम वायू सोडत जोडावरून हळूहळू फिरायचं. कुठे केसाएवढं जरी छिद्र असलं तर हेलियम आत ओढला जातो आणि पंपाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा चढतो. फिरायचं नेहमी वरून खाली. हेलियम हलका, तो वर पळतो. खालून सुरुवात केली तर वरच्या जोडाचं पाप खालच्या जोडाच्या माथी बसतं. काम कंटाळवाणं आहे आणि मला ते फार आवडायचं. ज्या बाईला घराबाहेर पडताना कुलूप ओढून बघितल्यावर पुन्हा एकदा ओढून बघावंसं वाटतं, तिच्यासाठीच ते केलेलं आहे.

प्रत्येक फोड दोघांनी तपासायची असा नियम होता. एक जण फोड बनवणाऱ्या देशाचा, एक चिठ्ठी टाकून निवडलेल्या दुसऱ्या देशाचा. म्हणजे कुणी कुणाला पाठीशी घालायला नको. हा नियम करणाऱ्याला माणसांची माहिती नसावी. माझ्या फोडीला बगळा दुसरा, आणि बगळ्याच्या फोडीला मी दुसरी. मग कोण कुणाला दुखवणार?

म्हणून हॉलमध्ये 'समजूत' नावाची एक गोष्ट होती. कुणाची फोड ठरल्यापेक्षा बोटभर वाकडी निघाली, कुणाच्या नळीचं तोंड भलतीकडे वळलेलं निघालं, की दोन्ही देशांचे प्रमुख चहाला बसायचे आणि त्या जागेवर एक हिरवी चिकटपट्टी लागायची: समजुतीनं मान्य. फोडी हिरव्या ठिपक्यांनी भरून गेल्या होत्या. नवीन माणसाला वाटायचं, सजवल्यात.

सगळ्यात मोठी समजूत मात्र चिकटपट्टीवर मावणारी नव्हती. या फोडी चालवण्याआधी भाजून निघणार. आतल्या भिंतींत मुरलेला ओलावा निघून जावा म्हणून सगळं कडं आधी आठवडेच्या आठवडे तापत ठेवायचं असतं. तेव्हा गळती तापवूनच तपासायला हवी. थंड असताना घट्ट मिटलेलं छिद्र तापल्यावर उघडतं. पण तापवायची आवरणं पाठवणं ज्या देशाच्या वाट्याला होतं त्यानं ती पाठवलीच नव्हती. आज येतात, उद्या येतात. त्यांचं तोंड पडू नये म्हणून नऊही देशांनी ठरवलं, थंड चाचणी चालेल. सगळ्यांची थंड. म्हणजे अन्याय कुणावरच नाही.

मलाही ते चालत होतं, खोटं कशाला सांगू. मला आमची फोड लवकर मान्य व्हायला हवी होती. ती मान्य झाली की मी नोकरीत कायम होणार होते, आणि कायम झालं की घरच्यांना आणायची परवानगी. माझ्या लेकीला, मुंगीला, मी दहा महिन्यांची ठेवून आले होते. नवरा, सासूबाई आणि थोरल्या जाऊबाई तिला बघत होत्या. मधे दोनदा रजा मागितली, दोनदा 'फोड मान्य होईपर्यंत कुणी हलायचं नाही' म्हणून नाकारली गेली.

दुपारच्या सुट्टीत मी फोन लावायची. नवरा तिला फोनसमोर धरायचा.

"बघ, कोण आहे?"

मुंगी माझ्याकडे बघायची, मग फोनच्या मागे बघायची.

"कालपासून चालतेय," नवरा सांगायचा. "म्हणजे पडतेय, पण उभ्यानं."

मागून जाऊबाई ओरडायच्या, "तिला सांग, लेक सगळं खाते. तिच्यासारखी नाही, नाक मुरडणारी."

मी हसायची. फोन ठेवला की मग हात धुवायला जाऊन नळ मोठा सोडायची.

आमच्या फोडीची चाचणी अर्ध्यावर आली असताना एका दुपारी आकडा हलला.

मी फोडीच्या खांद्यावर होते, शिडीच्या वरच्या फळीवर. तिथे एका नळीचं तोंड फोडीला जोडलेलं आहे. छपराच्या काचेतून ऊन नेमकं त्या जोडावर पडलं होतं. मी हेलियमची नळी फिरवली आणि खालून बगळा म्हणाला, "थांब."

आकडा चढला होता. थोडासाच. हेलियम बंद केला तसा उतरला.

"यंत्राला ढेकर आला," बगळा म्हणाला.

संध्याकाळी पुन्हा तिथेच फिरवली, आकडा जागचा हलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नाही. दुपारी ऊन आलं, आणि हलला. त्याच्या पुढच्या दिवशी ढग होते. दिवसभर काही नाही.

मी भांडारातून नळांना गुंडाळायच्या हीटर पट्ट्या आणल्या.

"हे कशाला?" बगळ्यानं विचारलं.

"थंडी वाजतेय तिला."

तो हसला, पण पट्ट्या गुंडाळायला त्यानंच हात लावला. त्यालाही बघायचं होतं, हे मी अजूनही शपथेवर सांगेन. जोड तापत गेला. फार नाही, कढत चहाइतका. मी नळी जवळ नेली तसा आकडा दहापट झाला, मग शंभरपट. आम्ही पट्ट्या काढल्या, जोड निवू दिला, आकडा मुकाट खाली आला. बगळा म्हणाला, पुन्हा एकदा तापव, खात्री होईल. पुन्हा तापवला, पुन्हा चढला. वायू शेजारच्या जोडातून आत जात नसेल ना म्हणून मी याच जोडाभोवती प्लास्टिकची पिशवी आवळून बांधली आणि तिच्यात हेलियम सोडला. तरी तेच. बगळ्यानं दुसरा पाय खाली टेकला.

"चहाइतकं तापवल्यावर हे," मी म्हटलं. "खरं भाजतील तेव्हा काय होईल?"

"तू हे केलंस कशाला?"

"ऊन पडलं होतं म्हणून."

"ऊन रोज पडतं. थंडीत पास होत होती, व्हायची होती. आणि ही फोड तुमची. आपल्या पोराच्या खोड्या कुणी शेजाऱ्याला सांगत बसतं का?"

"पोर जन्मभर शेजाऱ्याच्याच घरात राहणार असेल तर सांगावं लागतं."

पट्ट्यांची वायर त्यानं फार नीट गुंडाळून ठेवली.

आमच्या देशाच्या तुकडीचे प्रमुख म्हणजे सर. माझ्या कॉलेजात त्यांनीच मला शिकवलेलं, इथे आणलेलंही त्यांनीच. त्यांच्या खोलीत खिडकीखाली एक सोफा होता. महत्त्वाचं बोलायचं असलं की ते खुर्ची सोडून सोफ्यावर येऊन बसत. मी आकडे सांगितले तसे ते सोफ्यावर येऊन बसले.

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"मी, आणि बगळा."

"तो बोलणार नाही. त्याची फोड पुढे आहे." मग म्हणाले, "अगं, थंड चाचणी कुणाच्या सोयीची आहे? सगळ्यांच्या. त्यांनी आवरणं पाठवली नाहीत, आपण सांभाळून घेतलं. आपण पाठवलेले कड्याभोवतीच्या चुंबकांचे पाय तिरके निघाले, ते त्यांनी सांभाळून घेतले. आता आपणच उठून गरम चाचणी मागितली, की पहिला प्रश्न, आवरणं कुठायत. त्यांचं नाक कापलं जाणार. मग ते आपले पाय काढणार. मग तिसरा कुणाचं तरी काहीतरी काढणार. नऊ घरांचा संसार आहे हा. भांडं उभं राहतंय ते स्टीलवर नाही, एकमेकांच्या भिडेवर उभं राहतंय."

"पण सर, एकदा जोडलं की तिथे हात पोचणार नाही. दोन्हीकडून बाकीच्या फोडी येतात. मग गळती सापडली तरी काढणार कशी?"

"नाही काढता येणार."

"मग?"

"मग तेव्हाचे लोक तेव्हाचं बघतील. मी तोवर निवृत्त झालेलो असेन."

"मी नसेन ना."

ते हसले, प्रेमानंच. "तुला बैठकीत सांगायचंय?"

"हो."

"सांग. तुझा हक्क आहे. मी आडवा येणार नाही." त्यांनी माझ्यासाठी चहा ओतला, बिस्किटाची बशी पुढे केली आणि विचारलं, "मुंगी कशी आहे गं?"

इतके महिने त्या इमारतीत कुणी मला हे विचारलं नव्हतं. जगातल्या सगळ्या जोडांवर नजर ठेवणारी मी, तिथे आंधळी झाले. भडाभडा बोलत सुटले. झोप लागत नाही. दोन-दोनदा उठून शेगडीचं बटण बघते. परवा रस्त्यात कुणाचातरी एकच लहान बूट पडलेला दिसला आणि मी तिथेच रडले. कधी हॉलमध्ये लहान मुलाचा आवाज आल्यासारखं वाटतं. सर ऐकत होते. मधूनमधून 'हं' म्हणत होते, मान हलवत होते. उठताना मला हलकं वाटलं. बाप असावा तर असा, असंही वाटलं.

बैठक मोठ्या बाईंच्या दालनात होती. मोठ्या बाई म्हणजे सगळ्या प्रकल्पाच्या संचालक. पांढऱ्या केसांच्या, मऊ आवाजाच्या, कुणी शिंकलं तरी विचारपूस करणाऱ्या. गोल टेबलावर नऊ छोटे झेंडे पेनांच्या स्टँडमध्ये खोचलेले. मी उभी राहून आकडे दाखवले: थंड, उन्हात, पट्टीनं तापवल्यावर, पुन्हा थंड. पिशवी बांधून घेतलेले वेगळे. शेवटी म्हटलं, आमची फोड परत पाठवावी लागली तरी चालेल, पण जोडण्याआधी हा जोड उघडून बघायला हवा. आणि बाकीच्या फोडीही तापवून बघायला हव्यात.

कुणीतरी एक झेंडा सरळ केला.

ज्यांची आवरणं यायची होती ते गृहस्थ म्हणाले, "या हीटर पट्ट्या मान्य साधनांत आहेत का?"

नव्हत्या.

"मग हे मोजमाप म्हणता येणार नाही. याला प्रयोग म्हणता येईल."

"अर्ध्या तासाचं काम आहे," मी म्हटलं. "सगळे हॉलमध्ये चला, मी आत्ता दाखवते."

"मान्य नसलेलं साधन आम्ही बघायला आलो तर ते मान्य केल्यासारखं होईल."

मोठ्या बाईंनी बगळ्याकडे पाहिलं. "तुम्ही बरोबर होतात. तुम्ही काय पाहिलंत?"

बगळा बसलेला होता, तरी मला तो एका पायावर असल्यासारखा दिसला. "आकडा हलताना मी पाहिला," तो म्हणाला. "कशानं हलला, ते मला सांगता येणार नाही. पट्ट्या तापल्या की धूर येतो, वायर जुनी होती. तिथे बऱ्याच गोष्टी चाललेल्या होत्या."

"धूर नव्हता," मी म्हटलं.

"मला वास आला होता."

"कसला वास? तूच पट्ट्या गुंडाळल्यास. तूच म्हणालास, पुन्हा एकदा तापव, खात्री होईल."

माझा आवाज चढला. चढल्याचं मला कळलं आणि तो खाली आणता आला नाही.

तेव्हा सर बोलले. उठून उभे राहिले नाहीत. घरात बोलावं तसे बोलले.

"ही माझी विद्यार्थिनी आहे. तिच्या हुशारीबद्दल मला शंका नाही. पण एक गोष्ट मी तुम्हाला आधीच सांगायला हवी होती, ती चूक माझी. हिची लेक लहान आहे, ती हिच्यापासून लांब आहे. बाईला झोप नाही. शेगडी बंद केली की नाही ते उठून उठून बघते. रस्त्यात बूट दिसला तर रडते. लहान मुलांचे आवाज येतात तिला, हॉलमध्ये. अशा वेळी माणसाला सगळीकडेच गळती दिसते. आपण तिला रजा नाकारली. दोनदा. मला वाटतं, या खोलीत चूक कुणाची असेल तर ती आपली आहे."

ते बोलत असताना सगळ्यांचे चेहरे सैल झाले. राग येऊ बघणारे चेहरे होते ते, आणि एकदम कनवाळू झाले. आवरणवाले गृहस्थसुद्धा माझ्याकडे भाचीकडे बघावं तसे बघू लागले.

"आवाज मला घरच्या आठवणीनं येतात," मी म्हटलं. "आकडा यंत्रावर आहे. यंत्राला मूल नाही."

कुणीतरी हळूच हसलं, कौतुकानं.

मोठ्या बाई जागेवरून उठल्या. स्वतः पाणी ओतून माझ्या हातात दिलं, पाठीवर हात ठेवला. त्यांचा हात उबदार होता. "माझी दोन मुलं अशीच वाढली," त्या म्हणाल्या. "मी इकडे, ती तिकडे. तेव्हा मला कुणी समजून घेतलं नाही. तुमच्या बाबतीत तसं होणार नाही. तुम्ही घरी जा, बाळा. या आठवड्यातच. नोकरीची काळजी करू नका, तिकडेच तुमच्या संस्थेत तुम्हाला जागा ठेवायला मी सांगते."

"बाई, मला घरी जायचं नाहीये."

बोलून गेले, आणि खोलीत जे पसरलं ते मी विसरणार नाही. नऊ देश माझ्याकडे बघत होते. असं कुठली आई म्हणेल? आणि म्हणत असेल तर तिचं काहीतरी बिघडलेलं आहे, हेच तर सर सांगत होते. घरी जायचं नाही असं एक मिनिटही मला कधी वाटलं नव्हतं. सकाळी दात घासताना वाटायचं, शिडी चढताना वाटायचं. फक्त त्या खोलीत, त्या कारणासाठी, जायचं नव्हतं. एवढं लांबलचक वाक्य तिथे कुणी ऐकून घेतलं नसतं. मोठ्या बाई पाठीवर थोपटत राहिल्या.

आमची फोड त्याच बैठकीत मान्य झाली. खांद्यावरच्या त्या जोडाला हिरवी पट्टी लागली.

नंतरचे दिवस लोक माझ्याशी इतके चांगले वागले की मला कुणावर नीट रागावता येईना. आवरणवाल्या गृहस्थांनी मुंगीसाठी लोकरीचं टोपडं पाठवलं. कॅन्टीनमधल्या बाईनं मला रांगेत उभं राहू दिलं नाही. हॉलमधल्या माणसांनी मिळून एक कापडी हत्ती आणला. सर स्वतः म्हणाले, "बघ, शेवटी सगळं मनासारखं झालं की नाही?" त्यांना ते खरंच तसं वाटत होतं. मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. कुठेही फट नव्हती.

बगळा निघायच्या दिवशी बसथांब्यापर्यंत बॅग घेऊन आला. मी नको म्हटलं तरी सोडेना.

"बोल की," तो म्हणाला.

"काय बोलू? वास अजून येतोय का?"

"तू असतीस तर आमची फोडही उन्हात धरली असतीस."

"धरली असती."

"मग? तिकडे माझे साहेब बसलेत. माझं घर आहे. मी हो म्हटलं असतं तर मी एकटा पडलो असतो."

"नऊ देश आहेत रे इथे. एकटा कसा पडला असतास?"

त्यावर तो हसला नाही. बस आली. त्यानं बॅग वर चढवली, ती आडवी ठेवली, मग काढून उभी ठेवली. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी पाहिलं होतं. तुला हवं असेल तर." जणू परत करायची राहिलेली छत्री देत होता.

मी म्हटलं, "मला नको. तिथे सांगायला हवं होतं."

घरी सगळे खूश. सासूबाई शेजारच्यांना सांगत होत्या, किती भली माणसं, लेकराचं कळलं तशी हातचं काम सोडायला लावून पाठवलं. आमच्या इथले साहेब मेल्यावरसुद्धा रजा देत नाहीत. नवऱ्याला मी सगळं सांगितलं, आकड्यासकट. तो ऐकत होता, मुंगीला टोपडं घालत होता, ती काढून टाकत होती.

"तुला वाटतं ना, मला भास झाला?" मी विचारलं.

"तसं कुठे म्हटलं मी?"

"मग काय म्हणतोस?"

"म्हणतो की असेलही गळती. पण तू थकलेलीही होतीस, हे खोटं आहे का? फोनवर तूच सांगायचीस. दोन्ही खरं असू शकतं की."

दोन्ही खरं होतं. हीच तर खरी पंचाईत होती. सर एकही खोटा शब्द बोलले नव्हते.

मुंगी पहिले काही दिवस जाऊबाईंच्या पदराआडून मला बघायची. हत्ती घेतला, मला घेतलं नाही. मग हळूहळू आली. एकदा माझ्या पायाला धरून उभी राहिली, मग एकदा ताटातलं माझ्या हातून खाल्लं, मग मांडीत येऊन बसली. जाऊबाई म्हणाल्या, "चला, सुटले मी," आणि डोळे पुसत आत गेल्या. जिच्यासाठी मी तिकडे झुरत होते ती माझ्याजवळ होती. तिच्या केसांना वास येत होता, तो फोनमधून कधी आला नव्हता. मी सुखी होते. मधेच वाटायचं, ही मला कशाच्या बदल्यात मिळाली आहे, आणि मग मी तिला जरा जास्तच घट्ट धरायची, ती वळवळायची.

एक दिवस सरांनी फोटो पाठवला. आमची फोड आणि तिच्या दोन्ही शेजारणी, जोडून पक्क्या केलेल्या. समोर सगळे उभे, हसतायत, बगळा सगळ्यांत मागे, डोकं वर. खाली लिहिलं होतं, 'आपली लेक सासरी बसली. तुझंही अभिनंदन.' मी फोटो मोठा करून तो खांद्याचा जोड शोधला. दिसत नव्हता. आता तो कुणालाच दिसणार नव्हता. सासूबाईंनी चष्मा लावून फोटो बघितला. "यातलं तुझं कुठलं गं?" मी बोट ठेवलं. "छान बसलंय की," त्या म्हणाल्या.

त्याच दुपारी मुंगी माझ्या मांडीवर झोपली. मी तिच्या मानेवर हात ठेवला आणि ती मला गरम लागली. हात काढून दुसरा ठेवला. कपाळाला ओठ लावून बघितले. गरमच होती. एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. पण उठायच्या आधी मनात आलं, मला सगळीकडेच दिसतं. मी नुकतीच आत शेगडीपुढून उठून आले होते, माझेच हात तापलेले असतील. घरात उकडतही होतं. मी बराच वेळ तशीच बसून राहिले, स्वतःच्या हाताची उलटतपासणी करत.

शेवटी हाक मारली. "वहिनी, जरा येता? हिला हात लावून बघता? मला तापल्यासारखी वाटतेय."

जाऊबाई हात पुसत आल्या, वाकल्या, कपाळाला हात लावला.

"छे गं," त्या म्हणाल्या. "झोपेत पोरं गरम लागतातच. तुला बाई उगाच वाटतं."

मी बरं म्हटलं. त्या आत गेल्या. मी मानेवरचा हात काढला नाही. हाताखाली ती तापत होती, किंवा मला तसं वाटत होतं.